वेदनेचा मेंदूतील मार्ग आणि मराठीतील वेदनावाचक शब्द

ताप नळीने मोजता येतो, रक्तदाब यंत्राने मोजता येतो. वेदना मोजण्याचे यंत्र मात्र नाही. मेंदूतील रक्तप्रवाहाची चित्रे घेणारी यंत्रे गेल्या काही दशकांत उपलब्ध झाली आहेत आणि त्यांच्या साहाय्याने वेदनेसंबंधी पुष्कळ ज्ञान मिळाले आहे. तथापि समोरच्या रुग्णास या क्षणी दुखते आहे की नाही, आणि दुखत असल्यास किती, हे केवळ अशा चित्रावरून ठरविण्याचा प्रघात वैद्यकीय व्यवहारात नाही. वैद्य आजही ‘कुठे दुखते?’ आणि ‘कसे दुखते?’ असे दोन प्रश्न विचारतो. या प्रश्नांची उत्तरे वाक्यांच्या रूपाने येतात. म्हणूनच वेदनेचा विचार शरीरशास्त्राप्रमाणे भाषाशास्त्राच्याही कक्षेत येतो.

प्रस्तुत लेखात प्रथम शारीरिक संवेदना व वेदना यांचा मेंदूपर्यंतचा मार्ग सांगितला आहे; नंतर तो मार्ग साध्या निरोप्याच्या मार्गासारखा का नाही हे दाखविले आहे; आणि शेवटी मराठीतील वेदनावाचक शब्द व वाक्यरचना यांचा त्या ज्ञानाच्या प्रकाशात विचार केला आहे. प्रतिपादन थोडक्यात असे : मेंदूतील वेदना ही अनेक घटकांची मिळून झालेली असते, ते घटक उकलण्यासाठी रुग्णाची स्वतःची भाषा हे महत्त्वाचे साधन आहे, आणि हे साधन परभाषेतील शब्दसूचीचा अनुवाद करून हाती येत नाही.

१. त्वचेपासून मेंदूपर्यंत

फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त याच्या मरणोत्तर, १६६४ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवविषयक ग्रंथात वेदनेचे एक स्पष्ट चित्र आढळते. विस्तवाजवळ पाय गेला की त्वचेतील तंतू ओढला जातो आणि दोरीचे एक टोक ओढताच दुसऱ्या टोकाची घंटा वाजावी तसा मेंदूत परिणाम होतो, अशी ती कल्पना. पुढील सुमारे तीन शतके वेदनेसंबंधीचा विचार बव्हंशी या घंटेच्या दोरीला धरूनच चालला.

या चित्रातील पहिला भाग, म्हणजे दोरीचे अस्तित्व, खरा आहे. इजेची किंवा संभाव्य इजेची दखल घेणारी मज्जातंतूंची स्वतंत्र टोके त्वचेत, स्नायूंत, सांध्यांत व अंतर्गत इंद्रियांत असतात. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ शेरिंग्टन याने १९०६ साली त्यांना स्वतंत्र पारिभाषिक नाव दिले. मराठीत त्यांना ‘इजाग्राही टोके’ म्हणता येईल. उष्णता, दाब किंवा रासायनिक पदार्थ यांचे विद्युत्-संदेशात रूपांतर करणे हे त्यांचे कार्य होय. हे रूपांतर कोणत्या रेणूंमुळे घडते याचा उलगडा अलीकडचा आहे. डेव्हिड ज्यूलियस व त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली मिरचीतील कॅप्सेसिन या द्रव्यास प्रतिसाद देणारे प्रथिन शोधून काढले. तेच प्रथिन सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरील उष्णतेलाही प्रतिसाद देते असे आढळले. या आणि स्पर्शग्राही प्रथिनांच्या शोधाबद्दल ज्यूलियस व आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मिरची कापल्यावर ‘हाताची आग होते’ असे आपण म्हणतो. हाताचे तापमान वाढलेले नसते. परंतु मज्जातंतूंनी मेंदूकडे पाठविलेला संदेश भाजण्याचाच असतो.

या टोकांपासून निघणारे तंतू एकाच जातीचे नाहीत. हलका स्पर्श वाहून नेणारे तंतू जाड असून त्यांतील संदेश सेकंदाला ३५ ते ७५ मीटर वेगाने धावतो. वेदना वाहून नेणाऱ्या तंतूंचे दोन वर्ग आहेत : पातळ आवरण असलेले, सेकंदाला सुमारे ५ ते ३० मीटर वेगाचे, आणि आवरणहीन, सेकंदाला अर्धा ते दोन मीटर एवढ्याच वेगाचे. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत सुमारे एक मीटर अंतर धरले, तर पहिल्या वर्गातील संदेश सेकंदाच्या अल्पांशात पोहोचतो आणि दुसऱ्यातील संदेशास एक सेकंद किंवा त्याहूनही अधिक वेळ लागतो. ठेच लागली असता आधी तीक्ष्ण कळ मस्तकात जाते आणि क्षणभराने पसरट, जळता ठणका सुरू होतो, या सर्वपरिचित अनुभवाचे कारण हेच होय. येथे कळ आणि ठणका हे दोन शब्द दोन निराळ्या तंतुवर्गांनी आणलेल्या वार्ता वेगळ्या करतात.

मज्जारज्जूत शिरल्यावर स्पर्शाचे व वेदनेचे मार्ग वेगळे होतात. वेदना व तापमान यांचा संदेश मज्जारज्जूतच दुसऱ्या पेशीकडे सोपविला जातो व तेथेच विरुद्ध बाजूस जातो. सूक्ष्म स्पर्शाचा संदेश मात्र त्याच बाजूने वर चढतो आणि मेंदूच्या बुंध्याशी बाजू बदलतो. म्हणून मज्जारज्जूचा एक अर्धा भाग कापला गेल्यास जखमेच्या खालील भागात त्याच बाजूचा सूक्ष्म स्पर्श नाहीसा होतो आणि वेदना विरुद्ध बाजूची नाहीशी होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्राउन-सेकार याने वर्णिलेल्या या लक्षणसमूहावरून दोन मार्गांचे भिन्नत्व स्पष्ट झाले.

पुढे दोन्ही मार्ग मेंदूच्या गाभ्यातील थॅलॅमस या केंद्रात येतात व तेथून बाह्यकाच्या निरनिराळ्या भागांत जातात. त्यांपैकी एक भाग शरीराच्या नकाशासारखा आहे. माँट्रिअल येथील शल्यविशारद पेनफील्ड याने बोल्ड्री या सहकाऱ्यासह १९३७ साली त्याचे वर्णन केले. जागेपणी शस्त्रक्रिया चाललेल्या रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागास सौम्य विद्युत्-स्पर्श करून ‘काय वाटते?’ असे त्याने विचारले. या नकाशात ओठ व हात यांना फार मोठी जागा आहे आणि पाठीला अगदी थोडी. मात्र रुग्ण मुंग्या आल्या, बधिर वाटले, असे सांगत. दुखले असे फार क्वचित सांगत. वेदनेची घंटा नकाशात एके ठिकाणी टांगलेली नाही, याची ही पहिली मोठी सूचना होती.

२. घंटेच्या दोरीची मर्यादा

घंटेची उपमा खरी असती तर इजा जेवढी मोठी तेवढी वेदना मोठी, आणि इजा नाही तेथे वेदना नाही, असे दिसावयास हवे होते. दोन्ही बाबतींत अनुभव उलट आहे.

अमेरिकन वैद्य हेन्री बीचर याने दुसऱ्या महायुद्धात इटलीतील आघाडीवर जखमी झालेल्या सैनिकांची पाहणी करून १९४६ साली ती प्रसिद्ध केली. गंभीर जखमा असूनही त्यांपैकी बहुसंख्यांनी वेदनाशामक औषध नको असे सांगितले होते. जखम म्हणजे रणभूमीवरून जिवंत सुटका, असा तिचा अर्थ सैनिकाच्या मनात असावा, असे बीचरने सुचविले. उलटपक्षी, कापून टाकलेल्या अवयवात वेदना होणे हा प्रकार सिलास विअर मिचेल याने अमेरिकन यादवी युद्धातील जखमी सैनिकांत पाहिला आणि १८७१ साली त्याला ‘अवयवाचे भूत’ अशा अर्थाचे नाव दिले. पाय नाही, तरी पायाची बोटे ठणकतात. मेंदूतील नकाशात पायाची जागा अद्याप शिल्लक असते हे त्याचे एक कारण होय.

या विसंगतीचा उलगडा करण्याचा महत्त्वाचा प्रयत्न रोनाल्ड मेलझॅक व पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली केला. मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशासाठी जणू एक द्वार आहे. स्पर्शाचे जाड तंतू ते लोटतात, वेदनेचे बारीक तंतू ते उघडतात, आणि मेंदूकडून खाली येणारे आदेशही त्यावर ताबा ठेवतात, असे त्यांचे म्हणणे होते. या उपपत्तीचा तपशील पुढे पुष्कळ सुधारावा लागला. पण तिचे मूळ तत्त्व टिकले. लागलेल्या जागी आपण नकळत चोळतो त्याचे मर्म तिच्यामुळे कळते.

खाली येणाऱ्या आदेशांचा पुरावा लवकरच मिळाला. मध्यमेंदूतील एका भागास विद्युत्-स्पर्श केला असता उंदरांवर भूल न देता शस्त्रक्रिया करता येते, असे रेनॉल्ड्स याने १९६९ साली दाखविले. १९७५ साली ह्यूज व कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूत तयार होणारी अफूसदृश द्रव्ये ओळखली. दात काढलेल्या रुग्णांना नुसते निष्क्रिय औषध दिल्यावरही काहींना आराम पडतो. परंतु अफूचा परिणाम रोखणारे द्रव्य दिल्यास तो आराम कमी होतो, असे १९७८ साली लेव्हाइन, गॉर्डन व फील्ड्स यांना आढळले. सारांश, विश्वासाने पडणाऱ्या आरामाला शारीरिक अधिष्ठान आहे, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून तो सोडून देता येत नाही.

यापुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे. वेदनेचे स्थान व स्वरूप कळणे एक, आणि ती नकोशी वाटणे दुसरे. शिल्डर व श्टेंगेल यांनी १९२८ साली वर्णिलेल्या रुग्णास टोचलेले कळत असे, पण त्याचे काहीच वाटत नसे. रेनव्हिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली संमोहनाच्या साहाय्याने हाच भेद निरोगी माणसांत घडवून आणला. हात तितक्याच गरम पाण्यात असता केवळ नकोसेपणा कमी-अधिक केला, तेव्हा मेंदूच्या आतील बाजूच्या पुढील वळीमधील क्रिया बदलली. शरीराचा नकाशा असलेल्या भागातील क्रिया तशी बदलली नाही. ‘किती दुखते?’ या एका प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न दडलेले आहेत, असे यावरून म्हणावे लागते.

३. शब्दांचे वर्गीकरण

हा भेद प्रयोगशाळेत सिद्ध होण्यापूर्वीच शब्दांच्या अभ्यासातून पुढे आला होता, ही गोष्ट भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. मेलझॅक व टॉर्गरसन यांनी १९७१ साली इंग्रजीतील १०२ वेदनावाचक शब्द घेऊन लोकांकडून त्यांची प्रतवारी करविली. त्यातून तीन वर्ग निष्पन्न झाले : संवेदनेचे स्वरूप सांगणारे शब्द, भावनिक परिणाम सांगणारे शब्द आणि एकंदर मूल्यमापन करणारे शब्द. त्याच्या आधारे मेलझॅकने १९७५ साली मॅकगिल विद्यापीठाच्या नावाने ओळखली जाणारी प्रश्नावली तयार केली. तीत ७८ शब्द २० गटांत विभागले आहेत : पहिले दहा गट संवेदनेचे, पुढील पाच भावनेचे, एक मूल्यमापनाचा आणि चार संकीर्ण. या प्रश्नावलीची अनेक भाषांत रूपांतरे झाली आहेत.

अडचण रूपांतरातच आहे. इंग्रजी गटातील शब्द चढत्या तीव्रतेने मांडलेले असतात. त्यांचे मराठी प्रतिशब्द कोशात सापडले, तरी ते त्याच चढणीवर बसतात असे नाही. आणि मराठी ज्या बाबतीत बारकाईने भेद करते त्यांपैकी काहींना त्या सूचीत स्थानच नसते.

४. मराठीची व्यवस्था

प्रथम काल. गळू ठसठसते, दाढ ठणकते, पाठीत चमक भरते, पोटात कळ येते, मुरडा येतो. ‘ठसठसणे’ या द्विरुक्त धातूत नाडीच्या ठोक्यासारखी आवर्तने आहेत. ‘चमक’ एका क्षणाची आहे. ‘कळ’ उठते आणि ओसरते. ‘मुरडा’ आवळतो आणि सुटतो. म्हणजे वेदनेचा कालातील आकार शब्दाच्या अर्थातच बांधलेला आहे, आणि द्विरुक्ती हे त्याचे एक व्याकरणिक साधन आहे. वैद्यकात हा आकार निदानाला उपयोगी पडतो : पोकळ इंद्रियाच्या आकुंचनाची वेदना लाटांनी येते, पू धरलेल्या जागेची नाडीबरोबर उसळते.

दुसरे, त्वचेवरील भेद. खरचटलेले चुरचुरते, भाजलेल्या जागेची आग होते, सोलवटलेली कातडी हुळहुळते, जखमेवर मीठ झोंबते. ‘झोंबणे’ विशेष विचारार्ह आहे. मिरची झोंबते, औषध झोंबते आणि थंडीतला गार वाराही अंगाला झोंबतो. इंग्रजीने मिरचीला उष्णतेच्या शब्दाखाली घातले. मराठीने ‘तीक्ष्ण’पासून आलेल्या ‘तिखट’ या शब्दाने धारेशी जोडले आणि ‘झोंबणे’ या क्रियापदाने अंगाशी येणाऱ्या सर्व बोचऱ्या पदार्थांबरोबर बसविले. ग्राही प्रथिन दोन्ही भाषिकांचे एकच आहे. तेव्हा भाषेतील वर्ग मज्जातंतूंच्या वर्गांचे प्रतिबिंब असतात असे सरसकट मानता येत नाही. भाषा अनुभवाची विभागणी स्वतःच्या सोयीने करते. वैद्याला कळावयास हवी ती हीच विभागणी.

तिसरे, संवेदनेचा अभाव. दबलेल्या पायाला मुंग्या येतात, कोपरास आपटल्यावर झिणझिण्या येतात आणि संवेदना गेलेली त्वचा बधिर होते. संस्कृत ‘बधिर’ म्हणजे बहिरा. मराठीने तद्भव ‘बहिरा’ कानासाठी राखला आणि तत्सम ‘बधिर’ त्वचेलाही लावला; जणू त्वचाही ऐकणारे इंद्रिय आहे. ही बधिरता किती घातक असते हे कुष्ठरोगाने दाखविले आहे. वेल्लोर येथे १९४६ नंतर काम करताना पॉल ब्रँड यांनी सिद्ध केले की कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. वेदना नाहीशी झाल्यामुळे चटके व जखमा लक्षात येत नाहीत आणि त्यातून बोटांचा नाश होतो. म्हणून ‘येथे बधिर वाटते’ हे वाक्य ‘येथे दुखते’ याहून कमी तातडीचे नाही.

चौथे, वाक्यरचना. ‘माझे डोके दुखते’, ‘माझे पाय दुखतात’ येथे अवयव हा कर्ता असून क्रियापद त्याच्याशी जुळते. ‘माझ्या पोटात दुखते’, ‘छातीत दुखते’ येथे अवयव अधिकरण आहे आणि वाक्याला कर्ताच नाही. ‘हात लावू नको, मला दुखते’ येथे अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. शरीरशास्त्र सांगते की अंतर्गत इंद्रियांची वेदना जागा नीट दाखवीत नाही. त्या इंद्रियांचे व त्वचेचे तंतू मज्जारज्जूत एकाच पेशींवर येऊन मिळत असल्याने हृदयाची वेदना डाव्या हातात जाणवू शकते. पोट व छाती या पोकळ्यांसाठी मराठीने अधिकरण पसंत करावे ही गोष्ट या ज्ञानाशी जुळणारी आहे. परंतु ‘पोट दुखते’ हेही प्रचारात आहे. त्यामुळे येथे नियम सांगण्याऐवजी कल सांगणे अधिक सयुक्तिक. एवढे मात्र निश्चित की ‘छाती दुखते’ आणि ‘छातीत दुखते’ यांतील फरक ऐकणाऱ्याने पुसून टाकू नये.

याच रचनेतील आणखी एक विशेष असा. ‘मी दुखतो’ असे मराठीत म्हणता येत नाही. वेदना भोगणारा मनुष्य दुखण्याचा कर्ता होत नाही. तो कर्ता होतो तो वेदनेला तोंड देताना : मी कण्हतो, मी विव्हळतो, मी कळ सोसतो.

५. वेदना आणि सल

‘वेदना’ हा शब्द ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून आला आहे. बौद्ध विचारात वेदना सुखद, दुःखद आणि यांपैकी काहीच नसलेली अशी तिन्ही प्रकारची असते. मराठीत तो शब्द दुःखद जाणिवेपुरता आकुंचित झाला आणि व्यापक अर्थासाठी ‘संवेदना’ शब्द योजला गेला. पाली संयुत्तनिकायातील एका सुत्तात असे प्रतिपादन आहे की अशिक्षित मनाच्या माणसाला दोन बाण लागतात, एक शरीराचा व दुसरा मनाचा. शिक्षित मनाच्या माणसाला पहिलाच लागतो. संवेदना आणि तिचा नकोसेपणा यांचा भेद तेथे स्पष्ट दिसतो. त्या सुत्ताच्या नावातील ‘सल्ल’ हाच संस्कृत ‘शल्य’ होय. त्याच परंपरेतील मराठी ‘सल’ काट्याचाही असतो आणि अपमानाचाही.

शरीर व मन यांना एकच शब्द लावण्याची ही रीत मेंदूतील एकतेचा पुरावा आहे काय? खेळातून वगळल्या गेलेल्या व्यक्तींच्या मेंदूत शारीरिक वेदनेशी संबंधित भागात क्रिया दिसते, असे आयझेनबर्गर व सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केले, तेव्हा अनेकांनी होकारार्थी उत्तर दिले. परंतु २०१४ साली वू, वेगर व इतरांनी त्याच भागांतील क्रियेचे अधिक सूक्ष्म विश्लेषण करून दोन्हींचे आकृतिबंध वेगवेगळे असल्याचे दाखविले. ‘त्याच्या पोटात दुखते’ हे मत्सराविषयीचे वाक्य आणि रुग्णाचे तेच वाक्य श्रोत्याला प्रसंगावरून वेगळे कळते. रूपक हे साम्य दाखविते. ते अभेद सिद्ध करीत नाही.

६. ज्यांना शब्द नाहीत

वेदनेचे ज्ञान शब्दांवर अवलंबून आहे या विधानाचा एक दुरुपयोग संभवतो : ज्याला सांगता येत नाही त्याला वेदना नाही, असा निष्कर्ष. हा धोका काल्पनिक नाही. विसाव्या शतकात बराच काळ नवजात बालकांवर अपुरी भूल देऊन, किंवा वेदनाशमन न करताच, शस्त्रक्रिया केल्या जात. त्यांचा मेंदू अपक्व असल्याने त्यांना वेदना जाणवत नाही अशी समजूत होती. आनंद व हिकी यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या विवेचनात ही समजूत निराधार ठरविली आणि त्यानंतर व्यवहार बदलू लागला. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली सुधारलेल्या व्याख्येसोबत स्पष्ट नोंदविले आहे की शाब्दिक वर्णन हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक प्रकारांपैकी केवळ एक आहे, आणि सांगता न येणे म्हणजे वेदना नसणे नव्हे.

पक्षाघाताने वाचा गेलेला रुग्ण, लहान मूल, आणि दवाखान्यातील भाषा ज्याची नाही असा मनुष्य हे या दृष्टीने एकाच रांगेत उभे आहेत. तिसऱ्याची अडचण दूर करणे तर सर्वस्वी आपल्या हाती आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी व इतर बोलींतील वेदनावाचक शब्द प्रत्यक्ष बोलण्यातून, संपूर्ण वाक्यासह, कोणत्या दुखण्यात कोणता शब्द आला या माहितीसह गोळा करावयास हवेत. त्यांची तीव्रतेनुसार प्रतवारी त्या बोलीच्या भाषिकांकडूनच करवून घ्यावी. इंग्रजी गट आधी ठरवून त्यांत मराठी शब्द भरू नयेत. मेलझॅकने इंग्रजीसाठी जे केले त्याचे अनुकरण करावयाचे ते पद्धतीचे. त्याच्या सूचीचे नव्हे.

मराठीत ‘दुखणे’ म्हणजे आजार आणि ‘दुखणाईत’ म्हणजे आजारी मनुष्य. या भाषेत आजाराचे नावच वेदनेवरून पडले आहे. त्या वेदनेचे वर्णन दुखणाईताच्या तोंडून जसे येते तसे, त्याच्या क्रियापदासह व विभक्तीसह, लिहून ठेवणे हे या कार्याचे पहिले पाऊल होय. आणि ते उचलण्यास भाषेच्या अभ्यासकाइतका सिद्ध असलेला दुसरा कोणी नाही.